ग्रीसमध्ये शिडाच्या बोटीवर आठवडा : बेटापर्यंत पोचायचं कसं, फेरीने की विमानाने?

ठाणेकरीण | ९ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचतेय, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

सप्टेंबरात ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन आठवडाभर फिरायचं घाटतंय. माणसं सहा: आम्ही दोघं, दीर-जाऊ, माझी एक मैत्रीण आणि बर्मिंगहॅमचा मामेभाऊ. भावाकडे बोट चालवायचा ब्रिटिश दाखला आहे, डे स्कीपर म्हणतात तो. उरलेल्या पाच जणांचा समुद्राशी संबंध मांडव्याला उतरून अलिबागची बस पकडण्यापुरता. गणपती ६ सप्टेंबरला जातात, म्हणून बोट शनिवार १३ ते शनिवार २०. (पितृपक्षात कसले निघता, हे सासूबाईंनी विचारून झालंय. इथे कृपया नको.)

नवऱ्याला पारोस बेटावरची एक बोट भयंकर आवडली आहे. त्याचा बेत असा: शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं, आखातात विमान बदलायचं, शनिवारी दुपारी पाऊणला अथेन्स, तिथून पिरिअस बंदर, फेरीने पारोस, आणि संध्याकाळी बोट ताब्यात. मला हे ऐकूनच दम लागला. हे जमण्यासारखं आहे का? फेरीऐवजी अथेन्सहून छोटं विमान घ्यावं का? आणि सांतोरिनीला सध्या रोज भूकंप होतायत, हजारो लोक बेट सोडून गेलेत म्हणे. त्या बाजूला जावंच का?

चहाबाज | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोचं तिकीट काढतानासुद्धा आमच्या घरात दोन तट पडतात. तुम्हाला साष्टांग नमस्कार. वाचतोय.

खारा_वारा | १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

ताई, तीसेक वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, पिरिअसला कितीदा लागलो ते मोजलं नाही. निवृत्त झाल्यावर शिडाच्या बोटीचा नाद लागला. म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

तुमचा शनिवार फसणार आहे. पाऊणला विमान टेकलं तरी शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा असतो, त्याचा) शिक्का, सामान, सगळं उरकून बाहेर पडेपर्यंत दोन. पिरिअसला पोचायला साधारण तास. पारोसची मोठी जहाजं बहुतेक सकाळी साडेसातच्या सुमारास सुटतात आणि नंतरचं साडेपाचच्या आसपास. प्रवास चार तासांच्या वर. म्हणजे पारोसच्या धक्क्यावर रात्री दहा. बोटवाले शनिवारी साधारण पाच वाजता बोट देतात. सामान मोजून घेणं, इंजिन, नांगराची साखळी, संडासाचा पंप, गॅस हे सगळं बघायला तास-दीड तास लागतो. रात्री दहाला हे कोण दाखवणार? आणि रविवारी ग्रीसमध्ये बरीचशी सुपरमार्केटं बंद असतात, म्हणजे पहिल्याच दिवशी सहा माणसं चहा-बिस्किटावर.

परतीचं गणित आणखी वाईट. चार्टर, म्हणजे बोटीचं भाडं, शनिवार ते शनिवार असलं तरी बोट शुक्रवारी संध्याकाळी मूळ धक्क्याला हजर लागते आणि शनिवारी सकाळी नऊपर्यंत रिकामी करून द्यायची असते. पारोस आहे भर एजियन समुद्रात. तिथे उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी वाहतो. जुलै-ऑगस्टात तो ऐन जोरात असतो. सप्टेंबर मध्यापर्यंत उतरतो, पण गेलाच असं नाही. गुरुवारी तुम्ही पारोसच्या दक्षिणेला आहात आणि मेल्टेमी सुटला, तर वाऱ्याच्या तोंडावर उलटं चढत यायचं. पहिल्यांदाच निघालेल्या पाच माणसांना घेऊन भावाने हे करावं असं मला वाटत नाही.

आणखी एक. वारा ब्युफोर्ट मापाने ८ वर गेला की तिथलं तटरक्षक दल मोठ्या फेऱ्याही बंदरात थांबवतं. कॅटमरान, म्हणजे जोडनावेसारख्या वेगवान फेऱ्या, त्याच्या आधीच थांबतात. याला ग्रीकमध्ये अपागोरेफ्टिको म्हणतात. पिरिअसच्या धक्क्यावर हा शब्द ऐकू आला की लोक निमूट कॉफी मागवतात.

माझं मत: आधी बोट आवडून घेऊ नका, आधी धक्का ठरवा. विमानतळावरून एका वाहनात जिथे पोचता येतं तोच आपला धक्का.

ठाणेकरीण | १० फेब्रुवारी, सकाळी ९:४०

काका, नवऱ्याला वाचायला दिलं. पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, "विमानाने गेलो तर?"

निळाई | १० फेब्रुवारी, दुपारी १:२०

नवऱ्याच्या नोकरीमुळे अथेन्सला दोन वर्षं काढली आहेत, तेव्हा मी उत्तर देते.

पारोसला विमान आहे, पाऊण तासाच्या आत उतरता. पण पारोस आणि नाक्सोसच्या धावपट्ट्या आखूड, तिथे पंख्यांची छोटी विमानं जातात. जागा कमी, सप्टेंबरातही लवकर भरतात, आणि सामानाचं वजन काटेकोर. मिकोनोस, सांतोरिनीला जेट उतरतात, तिथे पर्याय जास्त. पण मूळ अडचण तीच राहते: मुंबईचं विमान दोन तास उशिरा आलं आणि बेटाचं विमान वेगळ्या तिकिटावर असलं, तर ते तुमच्यासाठी थांबत नाही. पैसेही गेले आणि बोटीचा पहिला दिवसही.

अथेन्सहून निघायची बंदरं तीन, हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पिरिअस सगळ्यात मोठं. राफिना विमानतळाच्या जवळ, तिथून आंद्रोस, तिनोस, मिकोनोसच्या बोटी. लावरिओ खाली दक्षिणेला, सुनिओच्या पोसायडन मंदिराजवळ, तिथून केआ आणि कीथनोस. मिकोनोसला जाणारी माणसं विमानतळावरून उगाच शहर ओलांडून पिरिअसला जातात. राफिनाची बस विमानतळाच्या दारातून सुटते.

पिरिअसला जायला ऑक्टोबर २०२२ पासून मेट्रो थेट झाली आहे, निळी लाइन, गाडी न बदलता. विमानतळाच्या गाड्या साधारण अर्ध्या तासाने असतात. रात्री-अपरात्री उतरलात तर एक्स ९६ बस, ती चोवीस तास चालते. ही बस समुद्राच्या कडेकडेने जाते आणि वाटेत आलिमोस लागतं. आलिमोस म्हणजे अथेन्सचा शिडाच्या बोटींचा सगळ्यात मोठा अड्डा. जुने लोक कलामाकी म्हणतात. म्हणजे तुम्ही विमानातून उतरून एका बसने थेट बोटीपाशी. काका म्हणतात तो "एका वाहनातला धक्का" हाच.

पिरिअसवर फेरी धरायची असेल तर गेट नंबर आधी बघा. ई १ पासून ई १२ पर्यंत आहेत आणि बंदर अवाढव्य आहे. सारोनिक, म्हणजे अथेन्सजवळच्या आखातातल्या बेटांच्या बोटी ई ८ वरून, मेट्रोतून उतरलं की ई ६-ई ७ समोर. ई १ ला जायचं असेल आणि हातात सहा बॅगा असतील तर देव आठवतो. बंदराच्या आत बस असते, तिची वाट बघा, चालत निघू नका.

मोजूनमापून | १० फेब्रुवारी, रात्री ८:३०

निळाई यांना +१. नावांबद्दल एक भर: तिकिटाच्या साइटवर सांतोरिनी शोधलं तर कधीकधी "थिरा" दिसतं. कॉर्फू म्हणजे केर्किरा, केआ म्हणजे त्झिआ. मी चार वर्षांपूर्वी थिराचं तिकीट हातात घेऊन "सांतोरिनीची बोट कुठली" विचारत फिरलो होतो. बोट समोरच उभी होती.

दुसरं, ताई, माणसं सहा म्हणून तीन केबिनची बोट बघताय का? भाऊ स्वतः चालवणार असेल तर ठीक. ऐनवेळी भाड्याचा स्कीपर घ्यायची वेळ आली तर त्याला झोपायला जागा द्यावी लागते, आणि त्याचं जेवण तुमच्याकडे. सातवा माणूस मधल्या बैठकीत झोपला की सकाळी सहाला चहा करायला उठणारी व्यक्ती त्याच्या पायावर पाय देऊन जाते. अनुभवाचे बोल.

टेम्सकाठी | ११ फेब्रुवारी, पहाटे ३:१०

(इथे अजून रात्र आहे, झोप येत नाहीये.)

सगळे एजियन एजियन करताय म्हणून आयोनियनची बाजू मांडते. पश्चिमेचा समुद्र: लेफकादा, मेगानिसी, इथाकी, केफालोनिया. आम्ही तीनदा गेलो, तिन्ही वेळा मुलं घेऊन. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, तसला समुद्र. सकाळी पाणी आरशासारखं, दुपारी वायव्येचा वारा उठतो, त्यावर तीन-चार तास शीड लावून जायचं, संध्याकाळी वारा पडतो. बेटं जवळजवळ. लेफकादाच्या निद्रीहून मेगानिसी चार-पाच सागरी मैल. पोहायला थांबलात तरी जेवायच्या आत पोचता.

आणि लेफकादाला फेरी लागतच नाही! बेट आहे, पण मुख्य भूमीला भराव आणि तरंगत्या पुलाने जोडलंय. विमानतळ अक्तिओ, प्रेवेझाच्या जवळ. आम्ही इंग्लंडहून थेट तिथे उतरतो, टॅक्सीने लेफकादा गाव अर्धा तास. केफालोनियाचं फिस्कार्दो बघाच. १९५३ च्या भूकंपात बाकीचं बेट जवळजवळ सपाट झालं, हे गाव वाचलं, त्यामुळे जुनी रंगीत घरं तिथेच राहिली आहेत.

तोटा सांगते, लपवत नाही. अक्तिओची थेट विमानं मुख्यतः उत्तर युरोपातून, तीही उन्हाळ्यापुरती. मुंबईहून येणाऱ्यांना अथेन्सला उतरून एक्स ९३ बसने किफिसोसच्या बसस्थानकावर, आणि तिथून लेफकादाची बस, पाच तासांच्या वर. वाटेत रिओ-आंतिरिओचा पूल लागतो, २००४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर झालेला. तो बघताना प्रवास विसरायला होतं. पण रात्रभर विमानात बसून आलेल्याला पुलाचं कौतुक किती असणार?

पेणकर | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:००

एक अडाणी प्रश्न. भरती-ओहोटीचं काय? आमच्याकडे ओहोटीला होड्या चिखलात बसतात. तिथे धक्क्याला बांधलेली बोट रात्रीत खाली गेली तर?

खारा_वारा | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

अडाणी अजिबात नाही, मुंबईच्या माणसाने हा पहिला विचारावा. आपल्याकडे उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी वर-खाली होतं. एजियन-आयोनियनमध्ये ते बहुतेक ठिकाणी वीतभर. म्हणून तिथे बोट आडवी न बांधता उभी बांधतात: नाळेकडून नांगर सोडायचा, उलटं मागे येत धक्क्यापाशी थांबायचं, मागून दोन दोरखंड बांधायचे आणि फळी टाकून उतरायचं. आपल्याकडे असं बांधलं तर ओहोटीला फळी जिन्यासारखी उभी होईल.

भानगड एवढीच की पन्नास बोटींचे पन्नास नांगर एकाच खाडीच्या तळाशी एकमेकांवर पडतात. हायड्राला तर सकाळी रोज तमाशा. एकाने नांगर उचलला की शेजारच्या तिघांच्या साखळ्या वर येतात. हायड्राला मोटारगाड्या नाहीत, सामान खेचरांवरून जातं, गाव अप्रतिम. पण बोट समोरच्या किनाऱ्यावर एर्मिओनीला लावा आणि छोट्या बोटीने हायड्रा बघून या. झोप शांत लागते.

ठाणेकरीण | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

तुमच्या सगळ्यांच्या कृपेने आमच्या घरात पारोसची बोट बुडाली. आता लढत आलिमोस विरुद्ध लेफकादा. मामेभावाला अर्थातच लेफकादा, त्याला तिथे थेट विमान आहे. आम्हा पाच जणांना आलिमोस.

निळाई | २८ फेब्रुवारी, दुपारी ४:००

आज या धाग्याची आठवण झाली. ग्रीसमध्ये देशव्यापी संप आहे. २०२३ च्या तेंपी रेल्वे अपघाताला आज दोन वर्षं, ५७ माणसं गेली होती. विमानं जमिनीवर, फेऱ्या बंदरात, अथेन्सच्या रस्त्यांवर माणसांचा समुद्र. माझी तिथली शेजारीण सकाळपासून मोर्चात आहे.

घाबरवायला सांगत नाही. संप बहुतेकदा चोवीस तासांचा आणि आधी जाहीर झालेला असतो. पण "शनिवारी विमान, शनिवारीच फेरी" अशा बेतात चोवीस तास कुठून आणणार? शेवटच्या फेरीत आणि मुंबईच्या विमानात एक रात्र ठेवा. दोन ठेवल्यात तर मी तुमच्याशी भांडणार नाही.

चहाबाज | २८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

आमच्या बायकोचं तत्त्व तेच, स्टेशनवर गाडीच्या दोन तास आधी. आता तिला सांगतो की तू ग्रीक आहेस.

ठाणेकरीण | १६ मार्च, रात्री १०:०५

ठरलं! भावाने मोठ्या मनाने माघार घेतली.

गुरुवार ११ सप्टेंबरला अथेन्स. दोन रात्री शहरात, पायातली सूज आणि डोक्यातली झोप उतरवायला. शनिवारी १३ ला आलिमोस, चार केबिनची बोट. (मोजूनमापून, धन्यवाद. भाऊ म्हणाला दोन दिवस स्थानिक स्कीपर घेऊ, मग त्याला सोडू.) सारोनिकमध्येच फिरायचं: एजिना, पोरोस, एर्मिओनी, हायड्रा, जमलं तर एपिदावरोस. २० ला बोट सोडली की संध्याकाळच्या मोठ्या जहाजाने पारोस, तीन रात्री. म्हणजे नवऱ्याला त्याचं पारोस मिळालं, फक्त जमिनीवर. २३ ला अथेन्स, २४ ला रात्री मुंबईचं विमान.

व्हिसासाठी बोटीचा करार राहण्याचा पुरावा म्हणून चालतो का?

टेम्सकाठी | १७ मार्च, पहाटे २:४०

मोठ्या मनाने म्हणे. त्याने मला वैयक्तिक निरोप पाठवून रडगाणं गायलंय.

मोजूनमापून | १७ मार्च, सकाळी ९:००

आम्ही चार्टरचा करार आणि बोटीवरच्या माणसांची पासपोर्ट क्रमांकांसह यादी जोडली होती, शिवाय अथेन्सच्या हॉटेलचं आरक्षण. चाललं. ही यादी तशीही बनवावीच लागते, बोटीच्या कागदांत ती असते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी गेल्या जूनपासून ९० यूरो, प्रवासविमा किमान ३०,००० यूरोंचा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळवणं हेच खरं काम, एप्रिलमध्येच मागे लागा.

भावाला सांगा, डे स्कीपरच्या दाखल्याबरोबर आयसीसीही (बोट चालवण्याचा आंतरराष्ट्रीय दाखला) काढून ठेव, बरेच बोटवाले तेच मागतात. मूळ कागद सोबत हवेत, फोनमधला फोटो नव्हे. शिवाय बोटीवर दुसरी जाणती व्यक्ती आहे असं लिहून द्यावं लागतं. नवऱ्याला तोवर दोन गाठी तरी शिकवा.

पेणकर | १७ मार्च, दुपारी १२:१०

कोस किंवा रोड्सवरून तुर्कस्तान अर्ध्या-एक तासावर दिसतं. तिकडे एक दिवस जाऊन यायचं म्हटलं तर?

मोजूनमापून | १७ मार्च, दुपारी १२:४५

जाता येतं, परत येता येईलच असं नाही. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर बोद्रुमच्या फेरीत बसलात की तो संपला. शिवाय तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा.

निळाई | १७ मार्च, संध्याकाळी ५:३०

पारोसचं तिकीट लवकर काढा, पण ऑगस्टसारखी घाई नाही. तिथे १५ ऑगस्ट म्हणजे मेरीमातेचा मोठा सण. त्या आठवड्यात तिनोसची बोट म्हणजे आषाढीच्या आधीची पंढरपूरची एसटी. १८२३ मध्ये सापडलेली मेरीची तसबीर तिथल्या चर्चमध्ये आहे. बंदरापासून चर्चपर्यंत चढावर माणसं गुडघ्यांवर रांगत जातात. मी एकदा बघितलं, त्या दिवशी पुढे काही बोलावंसंच वाटलं नाही.

ठाणेकरीण | २४ जून, रात्री ११:३०

काल कतारने आकाश बंद केलं आणि आमचं तिकीट नेमकं दोहावरून! नवरा रात्रभर नकाशावर विमानं बघत बसला होता. आज पुन्हा सुरू झाली आहेत म्हणे. बदलू का?

खारा_वारा | २५ जून, सकाळी ६:५०

अजून अडीच महिने आहेत. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आहे ना? मग काही झालं तर पोचवायची जबाबदारी विमान कंपनीची. शिवाय तुमच्याकडे गुरुवार आणि शुक्रवार हाताशी आहेत. झोपा.

ठाणेकरीण | ३० ऑगस्ट, दुपारी ३:००

गणपतीच्या धामधुमीत एकच प्रश्न: बोटीवर खायचं काय? जाऊबाई शाकाहारी आहेत. आणि बोट लागण्यावर उपाय सांगा.

टेम्सकाठी | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

शाकाहाऱ्यांची चंगळ आहे गं. टोमॅटोत भरलेला भात, वाटाण्या-बटाट्याचा रस्सा, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा. न्यायचंच असेल तर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. पेढे, तूप, दुधाचं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. बाकरवडी न्या, शेजारच्या बोटींशी मैत्री होते. छोटा कुकर न्यायला विसरू नका. मी विसरले होते आणि राजमा तीन तास शिजत होता.

कडक सुटकेसा नकोत! बोटीवर त्या ठेवायला जागाच नसते. घडी होणाऱ्या कापडी पिशव्या न्या.

खारा_वारा | ३० ऑगस्ट, रात्री ८:००

बोट लागण्यावर: गोळी निघायच्या तासभर आधी, उलटी आल्यावर नव्हे. खाली केबिनमध्ये जाऊन फोन बघत बसायचं नाही, वर येऊन क्षितिजाकडे बघायचं. ज्याला मळमळतं त्याच्या हाती सुकाणू द्या, निम्म्या वेळा तेवढ्याने उतरते. फेरीतही तेच. वेगवान कॅटमरानला बहुधा उघडा डेक नसतो, सगळे आत काचेमागे. ज्याला बोट लागते त्याने हळू चालणारं मोठं जहाज धरावं आणि वर वाऱ्यात बसावं.

ठाणेकरीण | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:४५

आलो, बरेच दिवस झाले, लिहायचं राहून गेलं. रागावू नका.

दोहावरून सरळ पोचलो, एक बॅग मात्र आली नाही. मैत्रिणीची. बॅग शुक्रवारी रात्री हॉटेलवर आली. शनिवारीच पोचायचं असतं तर मैत्रीण आठवडाभर माझे कपडे घालून फिरली असती, आणि तिची उंची पाच फूट आठ इंच.

एक्स ९६ ने आलिमोस. बोट ताब्यात घेताना काकांची यादी हातात होती. संडासाचा एक पंप चालत नव्हता. तो बोटवाल्याने तासाभरात बदलून दिला, नसता सापडला तर शेवटी आमच्या अनामत रकमेतून गेला असता. स्कीपर दोन दिवस होता, एजिनाचा मुलगा, मराठीतला "हळू हळू" शब्द त्याला फार आवडला. त्याने भावाला उलटं बांधायची पंचवीस वेळा तालीम दिली. एजिनाच्या धक्क्यावर सगळं गाव बघत होतं असं आम्हाला वाटलं. खरं तर कोणीच बघत नव्हतं.

मंगळवारी पोरोसला वारा वाढला. भाऊ जायचं म्हणत होता, नवरा नको म्हणत होता, शेवटी शेजारच्या बोटीवरचे एक जर्मन आजोबा हसून "उद्या" म्हणाले. दोन रात्री तिथेच. पोरोस आणि समोरचं गलातास यांच्यामध्ये पाण्याची एवढीशी चिंचोळी पट्टी, तिच्यातून दिवसभर बोटी जातात. जाऊबाई खुर्ची टाकून दोन दिवस तेवढंच बघत बसल्या. एपिदावरोस राहिलं. हायड्रा एर्मिओनीहून बघितलं, सकाळी नऊला धक्क्यावर चार भाषांतली भांडणं ऐकली, काका, अगदी तुम्ही लिहिलंत तसं.

आता फेरी आणि विमानाचं. आलिमोसहून पिरिअस जवळच, पारोसची मोठी बोट वेळेवर, वर डेकवर बसून सूर्यास्त. पारोसहून परत येताना आमचे दोन तट पडले. आम्हा चौघांचं वेगवान कॅटमरान, दीर-जाऊंचं विमान, कारण जाऊबाईंना आता समुद्र पुरे झाला होता. सकाळी कंपनीचा निरोप, वाऱ्यामुळे कॅटमरान रद्द. बंदरावरच्या तिकीट एजंटने काहीही कुरकुर न करता संध्याकाळच्या मोठ्या जहाजावर घातलं, वरचे पैसे परत मिळाले. दीर आम्हाला हसत विमानतळावर गेला. तिथे त्याच वाऱ्याने विमान तीन तास उशिरा. शिवाय दोन बॅगांचं जास्तीचं वजन भरावं लागलं. पिरिअसला आम्ही रात्री साडेअकराला पोचलो, हॉटेलात दोघं आमच्या आधी झोपले होते एवढाच फरक.

मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी रात्री होतं. निळाई, तुमची ती एक रात्र.

निळाई | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

वाचून फार बरं वाटलं. गलातासची खुर्ची माझीही लाडकी आहे.

पुढे जाणाऱ्यांसाठी: आजपासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू होते आहे. विमानतळावर रांग लांबेल असं धरून चाला.

टेम्सकाठी | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

फोटो कुठेत? आणि भावाला पुढच्या वेळी लेफकादा द्या हो, मला अजून निरोप येतायत.

चहाबाज | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

सगळं ठीक. सासूबाईंना काय आणलंत?

ठाणेकरीण | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

एजिनाचे पिस्ते, दोन किलो. पोचलो तेव्हा नवरात्र चालू होतं. उपासाला चालतात म्हणाल्या आणि डबा आत ठेवला. आम्हाला अजून दिसलेला नाही.